पन्नाशी, बिघडलेली फिल्म आणि गुरू

धूमकेतू शोधणाऱ्या अमेरिकन कॅरोलिन शूमेकरची गोष्ट सांगताना बहुतेक सगळे एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात, की बाई एक्कावन्न वर्षांची होईपर्यंत गृहिणी होती, मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली, आणि मग तिने आकाशाकडे बघायला घेतलं. पुढे बत्तीस धूमकेतू, शेकडो लघुग्रह, मेडल्स, आणि शेवटी ठरलेला डोस, की वय हा फक्त आकडा आहे, मैत्रिणींनो उठा. हे सगळं खरंच आहे, आकडेही खरे आहेत. पण मीही आता त्याच वयाच्या आसपास आहे आणि मला या डोसचा मनापासून कंटाळा आलाय. उठून काय करायचं ते कोणी सांगत नाही ना.

मला तिच्यात इंटरेस्ट आहे तो वेगळ्या कारणाने. ती नक्की काय करायची, बसून, तासन् तास, महिनोन् महिने, ते वाचल्यावर मला ती जास्त आवडायला लागली. एका वाक्यात सांगायचं तर ती बघायची. दुर्बिणीतून नाही हं, ते काम बऱ्याचदा दुसरं कोणीतरी करायचं, ती बघायची फिल्म.

पण आधी थोडं मागे जाऊ. जन्म २४ जून १९२९, न्यू मेक्सिकोमधलं गॅलप नावाचं गाव, लहानपण कॅलिफोर्नियातल्या चिकोमध्ये. शिक्षण इतिहास आणि राज्यशास्त्रातलं. कॉलेजात एक जिऑलॉजीचा कोर्स केला होता, तो तिला भयंकर बोअर झाला होता. पुढे एक वर्ष शाळेत शिकवलं, तेही जमलं नाही. भाऊ कॅल्टेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान संस्थेत होता, त्याच्या लग्नात १९५० साली त्याचा रूममेट भेटला, जीन शूमेकर, तो नेमका जिऑलॉजिस्ट! आणि तोच बोअर विषय हा माणूस बोलायला लागला की तिला ऐकत राहावासा वाटायला लागला. १९५१ मध्ये लग्न. मग तीन मुलं, दोन-तीन गावं बदलणं आणि शेवटी ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ.

जीनबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. या माणसाला चंद्रावर जायचं होतं. सिरियसली. चंद्रावर चालणारा पहिला जिऑलॉजिस्ट व्हायचं होतं, आणि ते शक्यही होतं कदाचित, पण १९६३ च्या सुमारास त्याला ॲडिसन्स डिसीज निघाला, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींचा आजार, आणि अंतराळवीर होण्याचा विषयच संपला. मग त्याने अपोलोच्या अंतराळवीरांना दगड वाचायला शिकवलं. त्याआधी, १९६० मध्ये, ॲरिझोनातलं ते प्रसिद्ध मीटिऑर क्रेटर खरोखर वरून काहीतरी येऊन आदळल्यामुळे झालंय याचा पक्का पुरावा देणाऱ्यांमध्ये तो होता. तिथल्या खडकात कोएसाइट सापडलं, क्वार्ट्झवर प्रचंड दाब आला की होतं तसलं खनिज. तोवर मोठमोठी मंडळी म्हणायची की ते विवर ज्वालामुखीच्या वाफेच्या स्फोटाने झालं असणार, आकाशातून दगड पडून एवढा खड्डा, छे.

हे वाचताना मला आमचं लोणार आठवणं साहजिक आहे. मी बुलढाणा जिल्ह्यातली, शाळेच्या सहलीला दुसरीकडे कुठे नेणार आम्हाला? तिथे दैत्यसूदनाचं देऊळ बघायचं, लवणासुराची गोष्ट ऐकायची, खाली उतरून पाण्याचा वास घेऊन नाक धरायचं, आणि सरांनी सांगायचं की हे उल्केमुळे झालंय. आम्हाला वाटायचं हे जगाला कायमच माहीत होतं. पण लोणारही बरीच वर्षं ज्वालामुखीच्या खात्यातच जमा होतं, कारण सगळा दख्खनचा बेसॉल्ट, त्यात खड्डा म्हटल्यावर दुसरं काय वाटणार, आणि तिथल्या आघाताचे ठोस पुरावे छापून आले ते १९७३ मध्ये. तेव्हा जीन काही एकटाच वेड्यासारखा बडबडत नव्हता, आणि उशीर सगळीकडेच झाला होता. बाय द वे आपलं लोणार साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आहे आणि त्यांचं मीटिऑर क्रेटर १.२, हे मी कुठेही संधी मिळाली की सांगते.

तर मुद्दा असा की शूमेकरांच्या घरात जेवणाच्या टेबलावर तीस वर्षं हाच विषय होता, की वरून गोष्टी पडतात. पृथ्वीवर पडल्यात, चंद्रावर पडल्यात आणि अजूनही पडू शकतात. कॅरोलिन हे ऐकत होती, नवऱ्याबरोबर फील्डवर जात होती, मुलं वाढवत होती. मग मुलं गेली आपापल्या वाटेला, आणि घरात जी शांतता येते ती आली. तिने नवऱ्याला विचारलं की मी आता काय करू. त्याने सुचवलं की लघुग्रह शोधायच्या कामात ये.

इथे मला थांबून एक गोष्ट म्हणायचीय जी त्या प्रेरणादायी पोस्टमध्ये कोणी म्हणत नाही. ती जीन शूमेकरची बायको नसती तर तिला हे दार उघडलं असतं का? नसतं उघडलं. विज्ञानाची डिग्री नाही, पन्नाशी उलटलेली, आणि जायचं कुठे तर पालोमारला! पालोमार म्हणजे सॅन डिएगोजवळच्या डोंगरावरची ती जगप्रसिद्ध वेधशाळा, जिथे खगोलशास्त्रज्ञांच्या राहायच्या इमारतीचं नावच ‘मॉनेस्ट्री’ होतं, म्हणजे मठ, आणि मठात बायका कशा चालतील. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिनसारख्या बाईला, जिच्याकडे पीएचडी होती, तिला अधिकृतपणे तिथे निरीक्षण करायला मिळालं ते १९६५ मध्ये, आणि तशी ती पहिली. मग कॅरोलिनच्या आधी एलिनॉर हेलिन होती, जिने १९७३ मध्ये जीनबरोबर पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह शोधायचा प्रोजेक्ट तिथे सुरू केला आणि १९७६ मध्ये एटेन नावाचा लघुग्रह शोधला. त्याच्यावरून लघुग्रहांच्या एका अख्ख्या गटाला नाव पडलं. म्हणजे वाट अगदीच कोरी नव्हती, पण कॅरोलिन आत आली ती लग्नाच्या दाराने, हे खरंय आणि ते लपवायचं कारण नाही. दारातून आत कसे आलो याच्यापेक्षा आत येऊन काय केलं ते बघावं असं माझं मत, आणि हे मी फक्त बायकांबद्दल म्हणत नाहीये. वडिलांच्या दाराने आत आलेल्या पुरुषांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आत आल्यावर तिला मिळालं ते पालोमारवरचं छोटं भावंड. प्रसिद्ध आहे ती दोनशे इंची हेल दुर्बीण, पण यांचं काम चालायचं अठरा इंची श्मिट कॅमेऱ्यावर, १९३६ सालचा, छोट्याशा घुमटातला. याची गंमत अशी की हा एका वेळी आकाशाचा खूप मोठा तुकडा टिपतो, जवळपास पावणेनऊ अंश, म्हणजे पौर्णिमेचे सतरा चंद्र एका ओळीत बसतील एवढा. फिल्म गोल कापलेली, साधारण सहा इंचांची. अंधारातच कापायची, जास्त संवेदनशील व्हावी म्हणून वापरायच्या आधी वायूमध्ये ठेवून गरम करायची, अंधारातच होल्डरमध्ये घालायची. चंद्र नसेल त्या रात्री पकडायच्या, महिन्यातला एक आठवडा, थंडीत, घुमट उघडा. एक फोटो घ्यायचा, दुसरीकडे वळायचं, पाऊणएक तासाने परत त्याच जागेचा दुसरा फोटो. मग डेव्हलप करायचं, वाळवायचं, आणि त्या जोड्या कॅरोलिनच्या टेबलावर.

तिच्याकडे एक स्टिरिओमायक्रोस्कोप होता, त्याची रचना जीनचीच. डाव्या डोळ्याला पहिली फिल्म आणि उजव्या डोळ्याला दुसरी. तारे काही पाऊण तासात हलत नाहीत, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना ते एकाच जागी दिसतात आणि मेंदू त्यांची सपाट चादर करून टाकतो, पण मधल्या वेळात एखादा ठिपका सरकला असेल तर तो डोळ्यांना त्या चादरीच्या वर तरंगताना नाहीतर खाली बुडालेला दिसतो. म्हणजे आपण खोली बघायला जे डोळे वापरतो तेच तिने वेग बघायला वापरले, हे मला फार भारी वाटतं. हे वाचून मी थोडा वेळ एक डोळा बंद करून बोटाकडे बघत बसले होते, घरच्यांनी विचारलं काय झालं.

आता एका फिल्मवर हजारो ठिपके. त्यात धूळ, फिल्मचे डाग, ओरखडे. आपण दाणा दाणा सरकवत तांदूळ निवडतो तशी ती फिल्म पट्ट्यापट्ट्याने सरकवत जायची, फरक एवढाच की इथे तांदूळ टाकायचे आणि खडा ठेवायचा. एक धूमकेतू सापडायला साधारण शंभर तास बघावं लागायचं. शंभर तास! पहिला सापडला १९८३ मध्ये. बत्तीस गुणिले शंभर हा हिशोब तुम्हीच करा, आणि लक्षात घ्या की त्या तासांमधले बहुतेक तास काहीही न सापडण्याचे होते. त्या काळात जिवंत असलेल्या कोणाच्याही नावावर तिच्याएवढे धूमकेतू नव्हते.

लोक म्हणतात घरकाम आणि मुलं यांनी बायकांना हा पेशन्स येतो. असेलही, पण मला हे वाक्य जरा डेंजर वाटतं. घरकामाने पेशन्स येतो तितकाच संतापही येतो, हे कोणीही खरं बोलणारी बाई सांगेल. मला वाटतं तिला ते आवडायचं, इतकं साधं असावं. काही लोकांना शोधायचं काम आवडतं, सापडणं हा बोनस.

१९८९ पासून त्यांच्याबरोबर डेव्हिड लेव्ही होता, कॅनडाचा, धूमकेतूंचं वेड लागलेला. हे तिघं आणि मार्च १९९३. तेव्हा काय झालं तर आधी सगळंच बिघडलं. फिल्मचा एक डबा कोणीतरी उघडला होता, वरच्या फिल्म प्रकाश लागून कडांना काळ्या पडल्या होत्या. त्यात २३ मार्चच्या रात्री आकाशही धड नाही, पातळ ढग. चांगली फिल्म महाग, अशा आकाशावर वाया कशाला घालवायची, मग त्यापेक्षा या बिघडलेल्याच वापरू, मध्यभाग तरी बरा आहे, असं ठरलं. आपल्याकडे कसं, पाहुणे येणार नसतील तर तुटके कप निघतात बाहेर. त्यातल्या एका जोडीत गुरू होता, म्हणजे गुरूचा प्रचंड उजेड आणि त्याच्या आसपासचं आकाश.

नंतर ढग आल्यामुळे काम बंद होतं, तेव्हा कॅरोलिन फिल्म बघत बसली होती, आणि तिला एक गोष्ट दिसली जी ठिपका नव्हती. आडवी पट्टी होती, धूसर, शेपट्या असलेली. ती म्हणाली की हे काय आहे माहीत नाही पण चिरडलेल्या धूमकेतूसारखं दिसतंय. मग जीनने बघितलं, लेव्हीने बघितलं. यांच्याकडे ढग, म्हणून ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेत जिम स्कॉटीला फोन गेला, त्याने मोठ्या दुर्बिणीतून बघून सांगितलं की हो, आहे, आणि एक नाही, माळेसारखे एकामागून एक तुकडे आहेत.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. नाव पडलं शूमेकर–लेव्ही ९. गणित केल्यावर कळलं की हा सूर्याभोवती नाही, गुरूभोवतीच फिरतोय, जुलै १९९२ मध्ये गुरूच्या इतक्या जवळून गेला की गुरूच्या ओढीने त्याचे तुकडे झाले, आणि आता हे तुकडे जुलै १९९४ मध्ये गुरूवर आदळणार. सव्वा वर्ष आधी कळलं! माणसाने याआधी असं काही आधी कळून मग बघितलेलंच नव्हतं. शूमेकरांच्या घरी काय वातावरण असेल कल्पना करा, जीन आयुष्यभर खड्डे बघून सांगत होता की असं होतं, आणि आता बायको म्हणतेय थांब, तुला प्रत्यक्ष दाखवते.

१६ ते २२ जुलै १९९४, एकवीस तुकडे, सेकंदाला साठ किलोमीटरच्या वेगाने. बऱ्याच शास्त्रज्ञांना फुसका बार निघेल असं वाटत होतं. अंतराळातल्या हबल दुर्बिणीला आधी धूसर दिसायचं, तिची चष्मा लावल्यासारखी दुरुस्ती आधीच्या डिसेंबरातच झालेली, आणि तिच्यातून ही टक्कर बघणाऱ्या टीमची प्रमुख हायडी हॅमेल नावाची तरुण बाई, ग्रहांच्या वातावरणावर काम करणारी. पहिला तुकडा गुरूच्या पलीकडच्या बाजूला आदळला आणि त्याचा लोळ गुरूच्या कडेवरून वर आलेला हबलच्या फोटोत स्पष्ट दिसला. हॅमेल आणि तिची टीम कॉम्प्युटरभोवती ओरडतायत असं फूटेज आहे, ते बघाच, शास्त्रज्ञ गंभीर असतात हा समज जाईल. १८ तारखेला ‘जी’ नावाचा तुकडा पडला, त्याचा काळा डाग साधारण बारा हजार किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ पृथ्वीएवढा. लोकांनी घरच्या छोट्या दुर्बिणीतून ते डाग बघितले, जगभर. आपल्याकडे जुलै! मी तेव्हा नुकती नोकरीला लागलेले, पेपरात वाचून रोज संध्याकाळी गच्चीवर जायचे आणि वर फक्त ढग, आणि ढगातून पाऊस. आता पालोमारच्या ढगांबद्दल वाचलं की मला त्यांचा राग येत नाही, त्या ढगांनी निदान काम तरी केलं.

या एका आठवड्याने एक गोष्ट मात्र पक्की केली, की आघात हा पुराणातला विषय नाही. पुढे १९९८ मध्ये नासाने एक किलोमीटरपेक्षा मोठे, पृथ्वीजवळून जाणारे नव्वद टक्के लघुग्रह दहा वर्षांत शोधायचं ठरवलं.

१८ जुलै १९९७. ‘जी’ तुकडा पडला त्याला बरोबर तीन वर्षं. कॅरोलिन आणि जीन दरवर्षीसारखे ऑस्ट्रेलियात विवरं शोधत फिरत होते, ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला तनामी ट्रॅक नावाचा कच्चा रस्ता आहे, कुठे काही नाही, मैलोन्‌मैल लाल माती, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर समोरून गाडी येऊन धडक झाली. जीन जागच्या जागी गेला. ती गंभीर जखमी झाली. यावर मी काही लिहिणार नाही, लिहिण्यासारखं काही नाहीये.

पण यानंतर आणखी एक बाई येते या गोष्टीत, कॅरोलिन पोर्को. हीसुद्धा कॅरोलिन. जीन कॅल्टेकला शिकवायचा त्या काळात तिने तिथे पीएचडी केली, शनीच्या कड्यांवर, व्हॉयेजर यानाच्या टीममध्ये होती, आणि तोवर शनीला निघायच्या तयारीत असलेल्या कॅसिनी यानाच्या कॅमेऱ्यांची प्रमुख झालेली होती. पुढे याच कॅमेऱ्यांनी शनीच्या एन्सेलाडस नावाच्या चंद्रावरून उडणारे बर्फाचे फवारे टिपले, आणि बर्फाखाली पाणी असेल का ही चर्चा सगळीकडे पोचली. तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन. तर तिच्या मनात आलं की जीनला चंद्रावर जायचं होतं ना. लूनर प्रॉस्पेक्टर नावाचं यान जाणारच होतं. तिने धावपळ केली, परवानग्या मिळवल्या, आणि जीनच्या अस्थींपैकी थोड्या, जेमतेम एक औंस, एका छोट्या कुपीत घालून त्या यानात बसवल्या. कुपीभोवती पितळेचा पातळ पत्रा, त्यावर हेल–बॉप धूमकेतूचं आणि मीटिऑर क्रेटरचं चित्र कोरलेलं आणि एका जुन्या नाटकातल्या ओळी. यान जानेवारी १९९८ मध्ये उडालं आणि ३१ जुलै १९९९ ला, काम संपल्यावर, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळवलं गेलं. आदळवलं! जीन शूमेकरला याहून योग्य काही सुचलं नसतं. आपल्याकडे अस्थी नाशिकला नेतात, काशीला नेतात, इथे पोर्कोबाईंनी थेट चंद्राचं तिकीट काढलं.

कॅरोलिन बरी झाली आणि परत कामाला लागली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. जवळजवळ सेहेचाळीस वर्षं सोबत असलेला माणूस नाही, ज्याच्या नादाने आपण या विषयात आलो तोच नाही, आणि विषय मात्र आपला झालेला आहे. फ्लॅगस्टाफमधल्या लॉवेल वेधशाळेत ती जात राहिली, लेव्हीबरोबरही काम चालू राहिलं. १३ ऑगस्ट २०२१ ला ती गेली, ब्याण्णव वर्षांची होऊन.

तोवर तिचं काम माणसांच्या हातातून गेलेलं होतं. पालोमारवरचा त्यांचा सर्व्हे १९९४ लाच संपला, नव्वदीच्या शेवटी डिजिटल कॅमेरे आणि सॉफ्टवेअर आले, फिल्म गेली, ते स्टिरिओमायक्रोस्कोप गेले. आता चिलीमध्ये एक नवी वेधशाळा सुरू झालीय, तिचं नाव व्हेरा रुबिन, तीच मठात शिरलेली, आणि जून २०२५ मध्ये तिचे पहिले फोटो आले तेव्हा जेमतेम दहाएक तासांच्या निरीक्षणात २१०४ नवे लघुग्रह मिळाले होते. म्हणजे कॅरोलिनने अख्ख्या करिअरमध्ये शोधले त्याहून कितीतरी जास्त, एका झटक्यात. मला याचं अजिबात वाईट वाटत नाही. जे खडे आपल्याकडे येऊ शकतात ते मशीनने पटापट निवडलेले बरे. फक्त एक शंका मनात येते, की कडा जळालेल्या फिल्मवरची ती आडवी धूसर पट्टी एखाद्या सॉफ्टवेअरला दिली असती तर त्याने तिला डिफेक्ट म्हणून टाकून दिलं असतं का. कदाचित नसतं टाकलं, आजची सॉफ्टवेअर हुशार आहेत. माझ्या भाच्याने, जो याच लाइनमध्ये आहे, हे ऐकून मला वीस मिनिटं समजावलं की मावशी तसं नसतं, आणि मी मान डोलावली.

शूमेकर–लेव्ही ९ चं आता काही उरलं नाही, तो गुरूच्या ढगांत विरघळून गेला. पण तिचे इतर धूमकेतू आहेत. शूमेकर–लेव्ही ४ सहा-साडेसहा वर्षांनी एकदा सूर्याजवळून चक्कर मारून जातो, बाकीचेही काही आपापल्या वेळेने येत असतात. फिके असतात, बऱ्यापैकी मोठी दुर्बीण लागते, आणि अंधार लागतो, तो पुण्यात मिळत नाही. माझ्या बाल्कनीतून तर काहीच दिसणार नाही, समोर बावीस मजली टॉवर झालाय.